कुरणातलं शेण जागेवरच वाळतंय, शेणकिडे गेले कुठे?

बांधावरचा
मंडळी, विषय जरा वास मारणारा आहे, आधीच सांगतो. माझी चौदा जनावरं आहेत आणि ती बहुतेक वेळ मोकळ्या कुरणात चरतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत असं व्हायचं की संध्याकाळी पडलेला पो सकाळी बघावा तर त्याची चाळण झालेली, कडेने भुसभुशीत मातीचे छोटे ढिगारे, आणि तीन-चार दिवसांत नुसता चोथा उरायचा, तोही वाऱ्याने उडून जायचा. यंदा तेच पो झाकणासारखे वाळून पडलेत. पायाने उलटवला की खाली गवत पिवळं, ओलसर, आणि माश्यांच्या अळ्या. कडेला गवत गुडघाभर वाढलंय पण गाई त्याला तोंड लावत नाहीत. कुरणाचा बराच भाग असा ठिपक्याठिपक्यांनी वाया गेलाय.

पाऊस बरा होता, जनावरं तीच, चारा तोच. बदल एकच, जंताचं औषध. पूर्वी वर्षातून एकदा द्यायचो, आता पाठीवर ओतायचं आलंय ते सोपं पडतं म्हणून दोन वर्षं जरा जास्तच वेळा दिलं. तर दोन प्रश्न. शेणकिड्यांचा खरंच काही उपयोग असतो की मलाच आपलं ते बघायला आवडतं म्हणून चुकल्यासारखं वाटतंय? आणि औषधाचा नि त्यांच्या गायब होण्याचा संबंध असेल का?

चष्मिष
शेणावरच्या धाग्याला पहिला प्रतिसाद माझा. उजळ माथ्याने सांगतो.

आळशी_कासव
मला वाटलं राजकारणावर धागा आहे. शीर्षक वाचून आलो, निराश झालो नाही.

गवताळ
बांधावरचा, उपयोग आहे आणि चांगला घसघशीत आहे. कीटक हा माझा कामाचाच विषय आहे त्यामुळे प्रतिसाद लांबणार, ज्यांना झोप येते त्यांनी आत्ताच जावं.

शेणकिडा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तो गोळा ढकलणारा येतो. पण तो एक प्रकार झाला आणि जातींच्या संख्येत बघितलं तर ते कमीच. शेण खाणाऱ्या भुंग्यांच्या मुख्य घराण्यात साधारण ६००० जाती आहेत, काही मिलिमीटरपासून अंगठ्याएवढ्या. कामाच्या पद्धतीवरून तीन गट पाडतात. एक गोळेवाले, जे शेणाचा गोळा करून लांब नेतात आणि पुरतात. दुसरे बिळं करणारे, हे पोच्या थेट खाली बोगदा खणतात आणि शेण खाली ओढून नेतात, काही वीतभर, काही चक्क मीटरभर खोल. तिसरे आयतोबा, पोच्या आतच राहायचं, तिथेच अंडी, तिथेच पोरंबाळं. तुमच्या कुरणात जे मातीचे ढिगारे दिसायचे ना, ती दुसऱ्या गटाची खूण. बोगद्यातून काढलेली माती बाहेर टाकलेली असते. तेच गेले असतील तर तुमचं नुकसान सर्वांत मोठं, कारण खरं ओझं तेच उचलतात.

आता फायदा कुठे होतो बघा. पो उघड्यावर पडून राहिला की त्यातला बराचसा नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. तोच तासाभरात, रातोरात मातीत गेला तर मुळांना मिळतो. बोगद्यांमुळे माती मोकळी होते, पावसाचं पाणी वरून वाहून न जाता आत मुरतं. शेणातून आलेलं बी पण खाली जातं. माश्यांना अळ्या वाढवायला ओलं शेण लागतं, ते फोडून वाळवलं आणि पळवलं की माशी उपाशी. आणि तुम्ही म्हणताय ते न खाल्लेलं गवत, गाय स्वतःच्या शेणाजवळचं गवत टाळते, जंतांपासून वाचायची तिची ती उपजत युक्ती आहे. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. चौदा जनावरं गुणिले दहा गुणिले एक महिना करा आणि प्रत्येकाभोवतीचं ते टाळलेलं कडं धरा, मग कुरण कुठे गेलं ते कळेल.

औषधाबद्दल तुमची शंका रास्त आहे पण त्यावर पशुवैद्य बोलले तर बरं. आहेत का इथे कोणी?

चष्मिष
१४ × १० × ३० = ४२००. ताई, मी जेवत होतो.

गोठेवाला
माफ करा पण एवढं कौतुक पटत नाही. किडा तो किडा. माझ्या शेणखताच्या खड्ड्यात दरवर्षी बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या निघतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. तेच खत शेतात गेलं की मुळं खातात. उभं पीक वाळतं. मी तर दिसली की चिरडतो आणि खड्ड्यात औषध मारतो. तुम्ही म्हणता त्या शेणकिड्याचीच ती पिल्लं ना? शहरात बसून पर्यावरण सोपं असतं.

गवताळ
गोठेवाला काका, मी शहरात बसत नाही, माझ्या बुटांचा वास घ्यायला या कधीही. :)

पण तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे कारण हा घोळ सगळीकडे होतो. खड्ड्यातल्या त्या जाड्या अळ्या शेणकिड्याच्या नाहीत. मोठाल्या असतील तर बहुतेक गेंड्या भुंग्याच्या, त्या कुजलेल्या खतावर वाढतात. आणि शेतात जिवंत मुळं खाते ती हुमणी. दोन्ही शेणकिड्यांचे लांबचे चुलत, त्यामुळे तोंडवळा सारखा. आयतोबा सोडले तर शेणकिड्याची अळी अशी मोकळी सापडत नाही. आई जमिनीखाली शेणाचा एकेक गोळा करते, प्रत्येकात एकच अंडं घालते. अळी त्या बंद गोळ्यात जन्मते, आतून गोळा खात खात वाढते आणि तिथेच कोष करते. बाहेरच्या मुळाशी तिचा संबंधच येत नाही. गोळा उघडलात तर अळीच्या पाठीला कुबड दिसेल, हुमणीला तसं नसतं. आणि गंमत म्हणजे गोळ्याला भोक पडलं तर ती स्वतःच्याच विष्ठेने लिंपून टाकते. घर तेच, जेवण तेच, गिलावा पण तोच.

गोठेवाला
कुबड बघतो. बघून सांगतो. तोपर्यंत माझं मत कायम.

आळशी_कासव
घर, जेवण, गिलावा एकाच मालाचा. बिल्डर लोकांनी वाचू नये हा प्रतिसाद.

जुनी_वही
उपयोग काय हा प्रश्न विचारायचा असेल तर ज्या देशात ते नव्हते तिथे काय झालं ते बघावं. ऑस्ट्रेलिया.

१७८८ मध्ये इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर तिथे गाई उतरल्या. तिथल्या शेणकिड्यांना लाखो वर्षं कांगारू वगैरे मंडळींच्या कोरड्या लेंड्यांची सवय. हे एवढं मोठं पातळ, लगद्यासारखं प्रकरण त्यांच्या बुद्धीपलीकडचं होतं. तर पो पडून राहायला लागले, महिनोन्‌महिने, काही ठिकाणी वर्षभर. आणि माश्या! तिथली झुडपी माशी याच शेणात बेसुमार वाढली, माणसाच्या डोळ्यातोंडावर बसणारी. चेहऱ्यासमोर सतत हात हलवायचा त्या सवयीला लोक ‘ऑस्ट्रेलियन सॅल्यूट’ म्हणतात ते यावरूनच. उत्तरेकडे गुरांना चावणारी बफेलो माशी वेगळी.

१९५० च्या अखेरीस जॉर्ज बोर्नेमिसा नावाचा हंगेरीचा कीटकतज्ज्ञ तिकडे गेला. कुरणात जिकडे बघावं तिकडे वाळके पो. त्याला आश्चर्य वाटलं कारण त्याच्या देशात असं दिसत नसे. मग त्याने तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत, सीएसआयआरओत, हे लावून धरलं आणि १९६५ ते १९८५ अशी वीस वर्षं शेणकिडे आणायचा प्रकल्प चालला. आफ्रिका, युरोप, जिथे गाईगुरांच्या शेणाची सवय असलेले किडे आहेत तिथून. मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे ते आणले कसे. जिवंत किडा आणला तर त्याच्याबरोबर गुरांचे रोग येतील ही भीती. म्हणून फक्त अंडी आणायची, ती जंतुनाशकाने धुवायची, आणि मग इकडे माणसांनी हाताने शेणाचे गोळे वळून एकेका गोळ्यात एकेक अंडं ठेवायचं. पगारी नोकरीत! ४३ जाती सोडल्या, त्यातल्या २३ टिकल्या. १९६८ साली क्वीन्सलँडमध्ये पहिले सोडले.

चष्मिष
म्हणजे सरकारी नोकरी आणि जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ‘गोळे वळता येणे आवश्यक’.

शंकासुर
थांबा थांबा. हाच तो देश ना ज्याने उसातल्या भुंग्यांसाठी बाहेरून बेडूक आणला आणि आता तो बेडूकच आवरत नाही? तिथे अजून ४३ परके किडे सोडणं म्हणजे शहाणपण कसं? आणि ४३ पैकी २३ म्हणजे जवळजवळ निम्मे फेल. मला ही गोष्ट यशकथा म्हणून गिळायला जड जाते.

जुनी_वही
शंकासुर, शंका बरोबर. तो बेडूक, म्हणजे केन टोड, १९३५ चा, आणि त्याची चाचणी जवळपास झालीच नव्हती, वर तो दिसेल ते खातो. शेणकिडा शेणाशिवाय दुसरं खात नाही, शेण संपलं की त्याचा कारभार संपला. हा मोठा फरक. निम्म्या जाती टिकल्या नाहीत याचं कारण हवामान जुळलं नाही, पाऊस हिवाळ्यात की उन्हाळ्यात यावरसुद्धा सगळं अवलंबून असतं. म्हणूनच मुळात इतक्या जाती आणल्या, एकेक जात एकेका ऋतूची आणि एकेका मातीची. सगळीकडचा प्रश्न सुटलाय असं मी म्हणतच नाही, काही भागांत माश्या खूप कमी झाल्या, काही ठिकाणी वसंतात किडे उशिरा जागे होतात तोवर माशी पुढे निघून जाते.

आणि मजा ऐका. तो केन टोड रात्री पोच्या शेजारी बसून येणारे शेणकिडे एकेक करून गट्टम करतो. एका आयातीने दुसरी आयात खाल्ली.

शंकासुर
हे आवडलं. शंका निम्मी मागे घेतो. २३/४३ एवढी.

निशाचर
थोडं अवांतर. गोळेवाल्यांचं काम सरळ रेषेत पळणं. कारण ढिगाजवळ दुसरे टपलेले असतात, तयार गोळा पळवायला. गोळा मागच्या पायांनी ढकलायचा, डोकं खाली, चाल उलटी, म्हणजे कुठे चाललोय ते दिसतच नाही. मग दिशा कशी कळते? आधी गोळ्यावर चढून गोल गोल फिरून आकाश बघून घेतात, लोक त्याला नाच म्हणतात. सूर्य, चंद्र, चंद्राचा तो ध्रुवित का काय प्रकाश असतो तो, आणि अमावस्येला? आकाशगंगा! २०१३ मध्ये मारी डाके आणि मंडळींनी दक्षिण आफ्रिकेत हे दाखवलं. किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी घातली, की वरचं दिसू नये, तर भाईसाहेब भरकटले. मग जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन खोट्या आकाशाखाली सोडलं, नुसता आकाशगंगेचा पट्टा ठेवला तरी सरळ चालले. त्याच वर्षी इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं त्यांना.

त्याच गटाने तापलेल्या वाळूवर किड्यांना सिलिकॉनचे बूट पण घातले होते. तो अधूनमधून गोळ्यावर चढतो ते पाय गार करायला, कारण गोळा ओला असतो. बूट घातले की चढणं कमी झालं.

आळशी_कासव
टोपी, बूट, आणि ढकलायला गोळा. हा किडा नसून माझा मॅनेजर आहे.

चष्मिष
मी मोबाईलचा नकाशा डोळ्यासमोर धरून चुकतो आणि हा उलटा चालत आकाशगंगा बघतो. आईला हा धागा दाखवू नका कोणी.

सुई_दवा
उशिरा आलो, दिवसभर गोठ्यांवर होतो. पशुवैद्य आहे. गवताळताईंनी हाक मारलीय तर औषधाचं मी सांगतो.

बांधावरचा, तुम्ही औषधाचं नाव लिहिलं नाही पण पाठीवर ओतायचं म्हणताय म्हणजे आयव्हरमेक्टिनच्या घराण्यातलं असण्याची शक्यता जास्त. औषध म्हणून ते अफाट आहे, माणसांच्या रोगांवरच्या उपयोगासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल त्यावर मिळालं, उगाच नाही. पण त्याची एक गोष्ट, ते शरीरात फारसं मोडत नाही, बरंचसं जसंच्या तसं शेणातून बाहेर पडतं. आणि बाहेर पडूनही ते काम करत राहतं. जंत काय, गोचीड काय, माशीची अळी काय, शेणकिड्याची अळी काय, त्याला सगळे सारखे. १९८७ सालीच यावर पेपर आला होता की असं शेण जास्त काळ न कुजता राहतं. सुरुवातीचे काही दिवस मात्रा सर्वांत जास्त, पण अळ्यांना मारण्याइतकं औषध शेणात काही आठवडे येत राहतं. पोटात बसून हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या असतात त्यांचं तर महिने. प्रौढ किडा लगेच मरेलच असं नाही, पण तो सुस्तावतो, वास नीट लागत नाही, आणि अळ्या वाढत नाहीत. म्हणजे या वर्षी किडे दिसतात पण पुढच्या पिढीची बोंब. तुमच्या बाबतीत दोन वर्षांनी जाणवलं ते या हिशोबात बसतं. (बसतं म्हणतोय, सिद्ध झालं म्हणत नाहीये.)

आता कृपा करून उद्यापासून जंताचं औषधच बंद करू नका. वासरू जंताने खंगलेलं मी आठवड्याला एक तरी बघतो. करायचं ते असं की शेण तपासून मगच औषध. सगळ्या कळपाला सरसकट नको, ज्याला गरज आहे त्याला. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल या गटाचा शेणकिड्यांना तसा त्रास नाही. आयव्हरमेक्टिनच्या जवळच्यांमध्ये मॉक्सिडेक्टिन बरंच सौम्य, डोरामेक्टिन, एप्रिनोमेक्टिन मात्र तितकेच वाईट समजा. आणि देताना तुमच्या भागात किडे कधी जास्त उडतात तो हंगाम टाळा. नाहीच टळलं तर औषध दिलेली जनावरं काही दिवस एकाच तुकड्यात ठेवा, सगळं कुरण बाटवू नका. सरसकट न देण्याचा अजून एक फायदा, औषधाला न जुमानणारे जंत तयार व्हायला वेळ लागतो. हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलून, माझ्या प्रतिसादावर विसंबून नाही.

गोठेवाला
डॉक्टरसाहेब, जंतांचं समजलं. गोचिडांचं काय? गोचिडाने ताप येतो, दूध जातं. तिथे पण किड्याची दया करायची का?

सुई_दवा
काका, दया नाही, हिशोब. गोचिडावर अंगावर टाकायची डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे औषधं पण शेणात उतरतात आणि शेणकिड्यांना वाईटच असतात, काही बाबतीत जास्त वाईट. गोचीड असेल तर औषध लागणारच, मी स्वतः देतो. पण ‘तारीख आली म्हणून’ द्यायची सवय सोडा एवढंच. गोठ्याच्या भेगा बुजवणं, कुरण आलटून पालटून वापरणं यानेही गोचीड कमी होतात.

शंकासुर
आता माझी उरलेली २०/४३ शंका. दोन दावे वाचले होते. एक, शेणकिडे जंत कमी करतात. दोन, शेणकिडे मिथेन कमी करतात म्हणून हवामानबदल थांबेल. दुसरा तर मला जाहिरात वाटते.

गवताळ
दुसऱ्यावर तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. पो आतून ओला आणि हवाबंद असतो तिथे मिथेन तयार होतो, किड्यांनी भोकं पाडली, हवा खेळली की तो कमी होतो, हे फिनलंडमधल्या प्रयोगांत मोजलंय. पण गाईचा बहुतेक मिथेन पोमधून येतच नाही, तो रवंथ करताना ढेकरातून येतो. त्यामुळे दूध-मांसाचा सगळा हिशोब धरला तर शेणकिड्यांचा वाटा नगण्य उरतो. हे खुद्द त्याच संशोधकांनी नंतर लिहिलंय. शेणकिड्याला जगवायला मिथेनची कुबडी लागत नाही, नत्र, माती आणि माश्या पुरेशा आहेत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या लोसी आणि वॉन यांनी तिथल्या गुरांच्या धंद्यापुरता हिशोब मांडला होता, वर्षाला ३८ कोटी डॉलरचं काम हे किडे करतात असा. असले आकडे गृहीतकांवर उभे असतात त्यामुळे मी तो छातीठोकपणे मिरवत नाही.

सुई_दवा
पहिल्याचं मी घेतो. साधारणपणे खरं आहे. जंताची अंडी शेणातून बाहेर पडतात, त्यातून निघालेल्या अळ्यांना शेणातून रांगत गवताच्या पात्यावर यावं लागतं, तरच गाय ती खाते. शेण फोडलं, वाळवलं, पुरलं की हा प्रवास अवघड होतो. पण नेहमीच नाही. कधी पुरलेल्या अळ्या ओलाव्यात तगतात आणि पाऊस आला की वर येतात. शिवाय काही जंत असे आहेत की त्यांना मधला मुक्काम म्हणून शेणकिडाच लागतो. कुत्र्याच्या अन्ननलिकेत गाठी करणारा एक जंत आहे, कुत्र्याने किडा खाल्ला की तो आत शिरतो. म्हणजे शेणकिडा संत नाही. पण हिशोब जमेचा आहे.

आळशी_कासव
शेणकिडा संत नाही. कोणीतरी हे वाक्य टी-शर्टवर छापा.

मूकवाचक
दोन वर्षं नुसतं वाचतोय, आज लिहितोच. हा धागा वाचून काल सूर्य मावळताना एका ताज्या पोजवळ स्टूल टाकून बसलो. घरच्यांनी काय समजायचं ते समजलं.

पहिल्यांदा माश्या आल्या, अजून वाफ निघत होती तोवरच. मग काही वेळ काहीच नाही. अंधार पडायला लागला तसा एक घुमणारा आवाज, आणि टप्‌ करून काहीतरी गवतात पडलं. मला वाटलं खडा. तर काळा कुळकुळीत भुंगा, नखाएवढा, उतरायची अक्कल शून्य, पाठीवर पडला. उलटा सुलटा होऊन बसला, पंख घड्या घालून आत सारले, त्यातला एक कोपरा बाहेरच राहिला तो पुन्हा ओढून घेतला. मग टॉर्चमध्ये नीट बघितलं. डोकं चपटं, फावड्यासारखं पुढे आलेलं. पुढचे पाय करवतीसारखे दाते असलेले. आणि पोटाखाली तपकिरी ठिपके, ते चालत होते! किडूक-मिडूक काहीतरी त्याला चिकटून आलं होतं. तो सरळ कडेने शेणात घुसला आणि गेला. पाच मिनिटांत अजून सहा-सात. नंतर तर पोची सालच हलायला लागली, आतून कोणी श्वास घेतंय अशी. सकाळी गेलो तर कडेला चार मातीचे ढिगारे, ताजी माती, आतल्या रंगाची.

ते चिकटलेले ठिपके काय होते? आणि एक लांबोळा, शेपटी वर करणारा किडा पण फिरत होता.

गवताळ
मूकवाचक, इतकं छान लिहून दोन वर्षं गप्प बसलात हा गुन्हा आहे. ठिपके म्हणजे माइट, कोळ्याच्या नात्यातले. ते किड्याचं काही घेत नाहीत, त्यांना नुसती सवारी हवी असते. पो आला की उतरतात आणि माशीची अंडी नि बारक्या अळ्या खातात. म्हणजे तो एक भुंगा उडत आला तेव्हा माश्यांविरुद्धची अख्खी पलटण घेऊन आला. लांबोळा, शेपटी उचलणारा बहुतेक आखूडपंखी भुंगा, तोही अळ्यांचा शिकारी.

अजून एक, प्रौढ भुंगा शेणातला काडीकचरा चावत नाही. त्याच्या तोंडाचे भाग मऊ, तो त्यातला पातळ, सूक्ष्मजीवांनी भरलेला रस गाळून पितो. चावायचं काम अळीचं.

निशाचर
नखाएवढा, बिळं करणारा म्हणजे ऑन्थोफॅगस नावाच्या शेणकिड्यांच्या गटापैकी कोणी असेल का? त्यातल्या टॉरस जातीचा नर स्वतःच्या वजनाच्या ११४१ पट ओढतो असं २०१० मध्ये मोजलंय. शिंगवाले नर बिळाच्या तोंडाशी पहारा करतात, आणि छोटे बिनशिंगी नर बाजूने दुसरा बोगदा खणून गुपचूप मादीपर्यंत पोचतात.

चष्मिष
बिनशिंगी लोकांच्या वतीने मी आनंद व्यक्त करतो.

बांधावरचा
सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. डॉक्टर, औषधाचा डबा शोधला, आयव्हरमेक्टिनच आहे. पुढचा डोस थांबवलाय आणि आधी शेण तपासायला देतोय.

गवताळताई, तुम्ही मला निरोपात सांगितलेली बादलीची युक्ती केली, इतरांसाठी लिहितो. एक दिवसाचा पो खोऱ्याने खालच्या दोन बोटं मातीसकट उचलायचा, पाण्याच्या बादलीत टाकून ढवळायचा आणि थांबायचं. किडे वर तरंगतात. माझ्या तीन पोंमध्ये मिळून पाच निघाले, त्यातले चार बारके, पोच्या आत राहणारे असावेत. शेजाऱ्याची जनावरं आहेत पलीकडे, त्याने वर्षभरात कसलंच औषध दिलेलं नाही (आळसाने, तत्त्वाने नव्हे). त्याच्या तीन पोंमध्ये एकतीस. मोजून सगळे सोडून दिले. शेजारी विचारत होता की मी त्याच्या शेणात काय शोधतोय, अंगठी हरवली का.

शंकासुर
तीन आणि तीन पो म्हणजे काहीच नाही हो. त्याचं कुरण नांगरलेलं नसेल, माती वेगळी असेल, सावली असेल.

बांधावरचा
हो, माझा एक पट्टा मी दोन वर्षांपूर्वी नांगरून नवं गवत पेरलं होतं. हे सांगायला विसरलोच.

गवताळ
अरे देवा, हे आधी सांगायचं ना! नांगराने जमिनीतली बिळं आणि गोळे सगळे उलटेपालटे होतात, उन्हात पडतात. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. शंकासुर बरोबर आहेत, एवढ्यावरून ठरवता येत नाही. न नांगरलेल्या पट्ट्यातले पो वेगळे मोजा. आणि नुसते प्रौढ मोजू नका. औषध दिलेल्या जनावराच्या शेणावरही प्रौढ येतात, बाहेरून उडत. त्यामुळे किडे दिसले म्हणजे सगळं ठीक असं नाही. एक काम करा, ढिगारे दिसतील तिथे खूण म्हणून काठी रोवा, काही आठवड्यांनी खणून गोळे काढा आणि फोडून बघा आत अळी आहे की नुसतं वाळकं शेण. तेवढं उत्तर कुठल्याही बादलीपेक्षा पक्कं.

शेजाऱ्याकडून येतील का तर येतील, ते बऱ्यापैकी उडतात. त्यांना फक्त सलग, बिनविषारी शेण मिळत राहायला हवं. मध्ये दोन महिने कुरण पूर्ण रिकामं ठेवू नका.

गोठेवाला
सगळा धागा वाचला. आज खत उलटताना तीन अळ्या काढल्या, कुबड नाही. म्हणजे तुमची मंडळी नव्हे, मान्य. त्या चिरडल्या.

मग कुरणात गेलो, दोन ढिगारे दिसले तिथे खुरप्याने वीतभर खणलं. लिंबाएवढा गोळा निघाला, अलगद फोडला. आत बसली होती, कुबडासकट. फोडलेली बाजू मातीने लिंपून परत ठेवलाय पण आता जगेल का ती?

गवताळ
काका, ती स्वतः लिंपेल. तिला तेवढंच येतं. माती दाबू नका फार.

चष्मिष
काका, फोटो?

गोठेवाला
हात शेणाने भरलेत, फोन कुठे धरू.